सल्ला हवा: यूकेत भाड्याच्या घराच्या हीटिंगसाठी ग्रँट कशी मिळवायची?

लेस्टरची_थंडी
इंग्लंडमधल्या भाडेकरूंसाठीच्या योजनांची नीट माहिती हवी आहे. घर लेस्टरमध्ये, 1900च्या आसपासचं, विटांचं, ओळीतलं मधलं. दोन बेडरूम, भाडं एजंटमार्फत. गॅस नाही, जुने स्टोरेज हीटर (रात्रीच्या विजेने तापून दिवसा उष्णता सोडणारे) आहेत. ईपीसी (घराच्या ऊर्जा-कार्यक्षमतेचा दाखला, ए सगळ्यात चांगला, जी सगळ्यात वाईट) ई, 43 गुण. मागच्या बेडरूमच्या बाहेरच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. घराचं एकूण उत्पन्न करापूर्वी वर्षाला 34 हजार पौंड, एक लहान मूल, व्हिसा हेल्थ अँड केअर. अर्ज आपण करायचा की घरमालकाने? आणि नेमकं काय मागायचं?

उबदार_वाडा
अर्ज तुम्ही करू शकता. घोडं अडतं ते घरमालकाच्या सहीपाशी, म्हणून तयारी त्याच्या बाजूने करा.

तुमच्या परिस्थितीला बसणारी योजना म्हणजे वॉर्म होम्स लोकल ग्रँट. फक्त इंग्लंडसाठी, एप्रिल 2025पासून सुरू, पैसे काउन्सिलमार्फत येतात. घराचं ईपीसी डी ते जी यांपैकी हवं आणि कुटुंबाचं करापूर्वीचं उत्पन्न 36 हजार पौंड किंवा कमी. भाड्याच्या घरात भाडेकरूचं उत्पन्न मोजतात, मालकाचं नाही. हे मालकाला आवर्जून सांगा, कारण 'माझं उत्पन्न जास्त आहे, मला कुठे मिळणार' असं समजून बरेच मालक विचारतही नाहीत. इन्सुलेशन वगैरेसाठी 15 हजार पौंडांपर्यंत आणि हीट पंपासारख्या (बाहेरची उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र) कमी कार्बनच्या हीटिंगसाठी वेगळे 15 हजारांपर्यंत, अशी मर्यादा आहे. मालकाच्या पहिल्या घराचा पूर्ण खर्च योजनेतून होऊ शकतो. त्याचं दुसरं, तिसरं घर असेल तर त्या घरांचा निम्मा खर्च त्याने भरायचा.

अर्ज जीओव्ही डॉट यूकेवरून होतो. पोस्टकोड टाकला की तुमची काउन्सिल योजनेत आहे का ते कळतं, आणि माहिती थेट काउन्सिलकडे जाते. हाताशी ठेवा: घरातल्या सगळ्या प्रौढांच्या पगाराच्या पावत्या, टेनन्सी ॲग्रीमेंट, काउन्सिल टॅक्सचं बिल, मालकाचं पूर्ण नाव आणि पत्ता. एजंटने मालकाचा पत्ता द्यायला टाळाटाळ केली तर लेखी मागा. 1985च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम 1प्रमाणे त्याला 21 दिवसांत द्यावाच लागतो.

पुदिनावडी
व्हिसाबद्दल एक महत्त्वाचं. युनिव्हर्सल क्रेडिटसारख्या भत्त्यावरून पात्रता दाखवायचा रस्ताही या योजनेत आहे, पण तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) ही अट असेल तर त्या वाटेला जाऊ नका. ते भत्ते पब्लिक फंड्सच्या यादीत आहेत. उत्पन्नाच्या रकान्यातून जा, आणि अर्जाआधी काउन्सिलला ईमेलने विचारा की ही ग्रँट तुमच्या व्हिसाच्या अटीत कशी बसते. ते उत्तर जपून ठेवा. फोनवरचं 'हो, चालेल' पुढे कामाला येत नाही.

उबदार_वाडा
बरोबर. आता मालकाला काय लिहायचं. एजंटला फोन करू नका, ईमेल करा आणि 'हे मालकापर्यंत पोचवा' असं स्पष्ट लिहा. मजकुरात चार गोष्टी पुरेत: कोणती योजना, त्याचं हे पहिलं घर धरलं गेलं तर त्याला किती भरावं लागेल, सर्वेक्षक घर बघायला कधी येऊ शकतो, आणि त्याने संमतीच्या फॉर्मवर सही करायची आहे.

त्याला पटेल असा मुद्दा कायद्यातला आहे. 1 एप्रिल 2020पासून भाड्याचं घर किमान ई दर्जाचं हवं, सूट नोंदवलेली नसेल तर. सरकारने जानेवारी 2026मध्ये जाहीर केलेल्या वॉर्म होम्स प्लॅनप्रमाणे ऑक्टोबर 2030पर्यंत हा किमान दर्जा सीच्या बरोबरीचा होणार आहे, आणि मालकाच्या खर्चाची मर्यादा दर घरामागे 10 हजार पौंड. तुमचे 43 गुण सीच्या 69पासून बरेच लांब आहेत. आज ग्रँटमधून भिंत आणि हीटिंग झालं, तर हाच खर्च पुढे त्याच्या खिशातून जाणार नाही. असं सरळ मांडलं की मालक ऐकतो.

आणि तरीही गप्प राहिला तर 2015च्या प्रायव्हेट रेंटेड प्रॉपर्टी रेग्युलेशन्सखाली औपचारिक विनंती करा. 1 एप्रिल 2016पासून भाडेकरूला हा हक्क आहे: खर्चाची सोय तुम्ही दाखवली, तर मालक योग्य कारणाशिवाय नकार देऊ शकत नाही. पत्राच्या वरच हा हक्क वापरत असल्याचं लिहा, नाहीतर ती नुसती विनवणी ठरते.

खिडकीपाशी
माझा आग्रह: हीट पंपाचं नंतर बघा, आधी त्या बुरशीचा कोपरा.

1900च्या भिंती बहुधा नऊ इंची भरीव विटांच्या, मध्ये पोकळी नसते. आतून इन्सुलेशन लावायचं तर भिंत कोरडी असायला हवी. गळकं गटार, विटांच्या सांध्यातलं निसटलेलं चुन्याचं भरण, अंगणातली माती डँप कोर्सच्या (जमिनीची ओल अडवणारा भिंतीतला थर) वर चढलेली: यांतलं काहीही असेल तर ते आधी, आणि ते मालकाच्या खर्चाने, कारण ती दुरुस्ती आहे. तसंच बोर्ड ठोकलं तर ओल आत कोंडून राहते आणि बुरशी बोर्डामागे वाढते.

हवा खेळण्याचं तर फार मनावर घ्या. नॅशनल ऑडिट ऑफिसच्या (सरकारी खर्च तपासणारी संस्था) ऑक्टोबर 2025च्या अहवालात आधीच्या दोन योजनांतून बाहेरून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी 98 टक्के आणि आतून केलेल्यांपैकी 29 टक्के घरांत दुरुस्तीची गरज असलेले मोठे दोष असल्याचा अंदाज दिला आहे. घर हवाबंद केलं आणि बाथरूमचा पंखा तसाच जुना ठेवला की स्वयंपाकाची, आंघोळीची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ जाणार कुठे? ती सगळ्यात थंड कोपऱ्यात बसते. म्हणून पीएएस 2035 या घरांच्या ऊर्जा-सुधारणेच्या ब्रिटिश मानकाप्रमाणे इन्सुलेशनच्या आधी व्हेंटिलेशनचं मूल्यमापन व्हायलाच हवं. बाथरूमच्या पंख्याने सेकंदाला 15 लिटर हवा ओढायला हवी, स्वयंपाकघरात शेगडीवरच्या हूडने 30, हूड नसेल तर 60. आतल्या दारांखाली साधारण 10 मिलिमीटर फट हवी.

घरी करायची चाचणी: पंखा चालू करा, टॉयलेट पेपरचा एक पदर जाळीला लावा. चिकटून राहिला नाही तर पंखा नावालाच आहे. मग पोटमाळ्यावर डोकावून बघा, पंख्याची नळी छताबाहेर जाते की तिथेच उघडी सोडलीय. उघडी असेल तर सगळी वाफ थंड लाकडावर साचते.

मीटरखालची_केबल
ओळीतल्या जुन्या घरांसाठी वेळ वाचवणारी गोष्ट. मीटरखालच्या काळ्या कट-आउटमध्ये (मुख्य फ्यूजचा डबा) खालून एक जाड केबल येते की दोन, ते बघा आणि फोटो काढा. दोन असतील तर बहुतेक लूप्ड सप्लाय आहे, म्हणजे तुमच्या आणि शेजाऱ्याच्या घराला वीज एकाच वाटेने येते. हीट पंप लावण्याआधी नेटवर्क कंपनीकडून ते सुटं करून घ्यावं लागू शकतं, आणि त्यासाठी शेजाऱ्याकडेही खोदकाम लागू शकतं. हा फोटो पहिल्याच भेटीत सर्वेक्षकाला द्या. काम ठरल्यावर कळलं की तारखा पुढे जातात.

स्टोरेज हीटर काढून हीट पंप म्हणजे रेडिएटर, नळ्या, सिलिंडर सगळं नवीन. सिलिंडरला साधारण 60 बाय 60 सेंटिमीटर जागा आणि वर नळ्यांना मोकळीक लागते. छोट्या घरात ती जागा म्हणजे जिन्याखालचं किंवा बेडरूममधलं कपाट. ते तुमचं कपाट असतं, तेव्हा आधीच ठरवून घ्या. जागा नसेल तर नव्या प्रकारचे, उष्णता जास्त धरणारे स्टोरेज हीटर बसतील का ते विचारा.

लेस्टरची_थंडी
खूप उपयोगी. दोन शंका. बॉयलर अपग्रेड स्कीममधून 7,500 पौंड मिळतात म्हणे, ते वेगळे घेता येतील का? आणि काम झाल्यावर भाडं वाढवलं तर?

उबदार_वाडा
ती योजना घराच्या मालकासाठी आहे. एमसीएस (हीट पंपासारखी यंत्रं बसवणाऱ्यांसाठीची प्रमाणपत्र योजना) प्रमाणित इन्स्टॉलर ऑफजेमकडे (ऊर्जा नियामक) अर्ज करतो आणि रक्कम बिलातून वजा होते. उरलेला खर्च मालकाचा. एकाच हीट पंपासाठी दोन्हीकडचे पैसे धरू नका. काउन्सिलने नकार दिला आणि मालक स्वतः खर्चाला तयार असेल, तेव्हा ही योजना त्याला सुचवा.

भाड्याचं: रेंटर्स राइट्स ॲक्टप्रमाणे 1 मे 2026पासून सेक्शन 21 (कारण न देता घर खाली करायची नोटीस) नाही, भाडं वर्षातून एकदाच, सेक्शन 13च्या (भाडेवाढीची) नोटिशीने, दोन महिने आधी सांगून वाढवता येतं. वाढ बाजारभावापेक्षा जास्त वाटली तर फर्स्ट-टियर ट्रिब्युनलकडे (असे वाद ऐकणारं न्यायाधिकरण) जाता येतं, आणि मालकाने मागितल्यापेक्षा जास्त भाडं तिथे ठरत नाही. मात्र घर विकायचं कारण देऊन मालक चार महिन्यांच्या नोटिशीने ताबा मागू शकतो, भाडेकराराचं पहिलं वर्ष सोडून. सहीच्या वेळीच विकायचा विचार आहे का, हे ईमेलवर विचारून ठेवा.

खिडकीपाशी
आणि घराच्या बेलवर येणाऱ्या 'सरकारी फुकट हीटिंग'वाल्यांना सही देऊ नका. इन्स्टॉलरचा ट्रस्टमार्क (सरकारमान्य दर्जा-नोंदणी) क्रमांक घ्या आणि ट्रस्टमार्कच्या साइटवर स्वतः शोधा. भाडेकरूने आगाऊ एक पैसाही द्यायचा नसतो.

स्टर्लिंगवासी
स्कॉटलंडमधल्यांनी होम एनर्जी स्कॉटलंडला फोन करावा, वेल्समध्ये नेस्ट या योजनेला. दोन्हीकडे खाजगी भाडेकरूंना दार उघडं आहे, मालकाची संमती तिथेही लागतेच.

लेस्टरची_थंडी
मीटरखाली दोन केबल आहेत. फोटो काढला. आणि पंख्याच्या जाळीला कागद चिकटत नाही.

मीटरखालची_केबल
दोन्ही गोष्टी आजच्याच ईमेलमध्ये एजंटला लिहा. पंखा मालकाने दिलेला असेल तर तो चालू ठेवणं त्याचं काम आहे, त्यासाठी ग्रँटची वाट बघायला नको. केबलचा फोटो सर्वेक्षकासाठी वेगळा ठेवा.