चवळीच्या संकरात काळा रंग दिसला नाही. संकर फसला का?

प्रश्न:
चवळीच्या काळ्या डोळ्याच्या (देठखुणेभोवती काळा ठिपका असलेल्या) पांढऱ्या वाणाच्या कळ्यांतील पुंकेसर संध्याकाळी काढून, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळ्यांवर पूर्ण काळ्या दाण्याच्या वाणाचे पराग टाकले. मिळालेला प्रत्येक दाणा मात्र हुबेहूब मादी वाणासारखाच आहे. काळा रंग प्रभावी (संकरात दुसऱ्या रंगाला झाकणारा) असतो, असे वाचले आहे; मग स्वपरागीभवन (फुलाच्या स्वतःच्याच परागाने फलन) झाले असे समजावे का?

उत्तर १:
एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. दाण्याचा रंग बीजावरणात असतो आणि बीजावरण मातृझाडाच्या ऊतींपासून बनते, त्यामुळे आतील भ्रूण संकरित असला तरी वरचे टरफल आईचेच राहते. हे दाणे पेरल्यावर येणाऱ्या एफ-१ (संकराच्या पहिल्या पिढीच्या) झाडांच्या शेंगांत संकराचा रंग दिसेल आणि एफ-२ (एफ-१ च्या दाण्यांपासूनच्या दुसऱ्या पिढी) मधील विभाजन, म्हणजे झाडाझाडांत गुण वेगळे होणे, एफ-२ झाडांच्या शेंगा वाळल्यावरच कळेल. एका झाडाचे सर्व दाणे एकाच जनुकरूपाचे टरफल घेऊन येतात. म्हणून गुणोत्तर काढताना दाणे नव्हे, झाडे मोजावीत. नर वाणाची फुले जांभळी आणि मादीची पांढरी असतील, तर खात्री फुलोऱ्यातच होते: जांभळा रंग प्रभावी असल्याने पांढऱ्या फुलांची एफ-१ झाडे स्वपरागित समजून उपटावीत.

उत्तर २:
वरील उत्तराला थोडी पुस्ती जोडतो. काळा रंग प्रभावी असतो तो तपकिरीवर. रंग दाण्यावर किती पसरावा, हा वेगळा विषय आहे. आपल्या मादी वाणाचा डोळा काळाच असल्याने विभाजन मुख्यतः पसाऱ्याचे होईल. हा पसारा सी, डब्ल्यू आणि एच या तीन स्थानांवर (गुणसूत्रावरील जनुकांच्या जागांवर) अवलंबून असतो, ही मांडणी आनुवंशिकीतज्ज्ञ हारलंड यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कामापासूनची आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही स्थाने अनुक्रमे 7, 9 व 10 या गुणसूत्रांवर दाखवली गेली; काळ्या रंगाचे स्थान मात्र 5 व्या गुणसूत्रावर आहे. पालकांत एकाच स्थानाचा फरक असेल तर 3:1, पण डब्ल्यू व एच दोन्हींचा असेल तर 9:3:3:1 मिळेल आणि केवळ डोळा असलेले झाड सोळांत एक येईल. चाळीसेक झाडांत ते एकही न मिळणे अगदी शक्य आहे, म्हणून निदान शंभरावर एफ-२ झाडे ठेवावीत, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ता:
नर वाणाची फुले जांभळीच आहेत. मला शेवटी डोळ्याचाच दाणा हवा आहे. त्याची निवड किती पिढ्या करावी लागेल?

उत्तर २:
रंगापुरती एकदाच. तो नमुना अप्रभावी असल्याने एफ-२ मधील असे झाड शुद्धच उतरते. उत्पादन आणि रोगप्रतिकार यांसाठी मात्र पुढेही निवड करावी लागेल.