विषय: बापूच्या मेलबॉक्सची चावी कुणाकडे आहे? (तातडीचं)

बापू (सध्या सोलापूर):
मंडळी, मी परत यायला अजून तीन आठवडे आहेत आणि ॲडसेन्सचा (साइटवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा) पिन माझ्या अमेरिकेतल्या, एडिसनच्या पत्त्यावर येणार आहे. गणपतीत दिलेली चावी कुणाकडे राहिली? वहिनी सोलापूर-अक्कलकोट-तुळजापूरच्या प्रवासाची माहिती देणारी साइट लिहितात, तिचे जाहिरातींतून ११ डॉलर झाले. १० ओलांडले की पत्ता तपासायला टपालाने पिन येतो, आणि चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती बंद होतात. खातं माझ्या नावावर आहे.

तात्या:
माझ्याकडे नाही, डबे परत केले तेव्हाच दिली. पण बापू, आठ महिन्यांत ११ म्हणजे फारच कमी. लिंक टाक. आपण सव्वाशे घरं आहोत. रोज जेवणानंतर प्रत्येकाने एक जाहिरात क्लिक केली तर संक्रांतीपर्यंत १०० होतील. वहिनींची शेंगाचटणी सगळ्यांनी खाल्लीय, एवढं करायलाच हवं.

आक्का:
तात्या, हात जोडते, कुणीही असं करू नका! माझ्या पाककृतींच्या साइटवर मुलाच्या मित्रांनी प्रेमापोटी हेच केलं. खातं बंद झालं, जमलेले पैसेही गेले. चूक आमचीच होती. क्लिक करा असं सांगणंसुद्धा नियमात बसत नाही.

बापू, खरा घोळ पिनचा नाहीच. लिहिणारी सोलापुरात आणि खातं अमेरिकेत, तुझ्या नावाचं. देश नंतर बदलता येत नाही. १०० झाल्यावर पैसे येतील तेही तुझ्याच बँकेत. वहिनींच्या नावाने भारतातलं खातं उघडा, बँकेतलं नाव आणि खात्यावरचं नाव एकच ठेवा. जुनं बंद करताना १० च्या वर असल्याने ते ११ मिळतील, पण त्यालाही पिन लागेलच.

खजिनदार:
आक्का म्हणतात ते बरोबर. तुझ्या नावावर आले तर तुझ्याच टॅक्स रिटर्नमध्ये दाखवावे लागतील, ११ असोत की १,१००. एच-१बी व्हिसावर असशील तर आधी वकिलाला विचार.
ता. क. दिवाळीच्या हॉलची वर्गणी नऊ घरांकडून यायची आहे.

स्मरणिका समिती:
एक नोंद. अक्कलकोट-तुळजापूर एका दिवसात कसं करावं, हा तक्ता मी आपल्या मंडळाच्या २०१६ च्या स्मरणिकेत दिला होता. साइटवर तोच असेल तर उल्लेख व्हावा.

बापू:
काका, तो तक्ता तुमचा नाही. वहिनी दर महिन्याला एसटी स्टँडवर जाऊन वेळा वहीत उतरवतात, मग कंडक्टरला विचारून खात्री करतात. काल मी सोबत गेलो होतो. उन्हात दीड तास उभ्या होत्या.

आणि सगळ्यात जास्त वाचलं जातं ते वेळापत्रक नव्हेच. अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटर लांब आहे, एवढंच त्यांनी लिहिलंय. लोक नाव बघून तिकीट काढतात आणि रात्री लहान मुलं घेऊन स्टेशनवर अडकतात. त्यापेक्षा सोलापूरला उतरा, पुढचे चाळीसेक किलोमीटर एसटीने जा. ही साधी गोष्ट कुणी नीट सांगत नव्हतं. मला त्या ११ डॉलरचा अभिमान वाटतो तो यासाठी.

स्मरणिका समिती:
पाहिलं. वेळा वेगळ्या आहेत, माझं म्हणणं मागे घेतो. तुळजापूरला पौर्णिमेला गर्दी असते, दर्शनाला जास्त वेळ धरावा, हे माझ्या लेखात होतं. तेही घाला. नाव नसलं तरी चालेल.

तात्या:
आक्का, मला हे माहीत नव्हतं. कुणीही क्लिक करू नका.
बापू, वहिनींना गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेवर, लिहायला सांग. अक्षता सोहळा भोगीला संमती कट्ट्यावर असतो. लवकर जाऊन जागा धरली नाही तर नंदीध्वजांची फक्त टोकं दिसतात. मी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला होता. माझ्या मुलांना दाखवायचाय. गाडी कुठे लावायची, म्हाताऱ्या माणसाला कुठे बसवता येईल, हे आत्ता मला कोण सांगणार?

माई:
चावी माझ्याकडे आहे. मोदकाच्या साच्यांच्या डब्यात सापडली. सोमवारपासून रोज मेलबॉक्स बघते. पिन आला की इथे टाकणार नाही, बापूलाच फोन करते.