नकारार्थी आज्ञार्थ: जोड्या पाठ करूनही अडते ते ठिकाण

रशियन क्रियापदांच्या अपूर्ण (चालू किंवा पुन्हा पुन्हा होणारी क्रिया दाखवणाऱ्या) आणि पूर्ण (एकदा होऊन संपणारी क्रिया दाखवणाऱ्या) रूपांच्या जोड्या आधी पाठ कराव्यात, वापर आपोआप जमतो, असा एक सल्ला दिला जातो. पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे, दुसरा नाही, कारण आज्ञार्थाला नकार जोडला की पाठ केलेली जोडी एकटी पुरत नाही. खिडकी उघडायला सांगताना ‘अत्क्रोय अक्नो’ असे पूर्ण रूप येते, पण उघडू नकोस म्हणताना ‘न्ये अत्क्रिवाय’ असे अपूर्ण रूपाकडे वळावे लागते. जाणूनबुजून करायच्या कृतीला मनाई करताना सहसा हेच घडते. मात्र ‘न्ये उपादी’ (पडशील हं!), ‘न्ये ज़ाबूद्’ (विसरू नकोस) यांत पूर्ण रूप तसेच राहते, कारण तिथे मनाई नसून नकळत घडू शकणाऱ्या गोष्टीबद्दलचा इशारा असतो.

मराठीत दोन्हींना ‘नकोस’ चालते, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला सुरुवातीला जाणवतच नाही, आणि मीही कितीतरी दिवस प्रत्येक नकारापुढे अपूर्ण रूपच लावत असे. ‘पडू नकोस’च्या जागी ‘पडशील!’ म्हणता येते का, हे मनात तपासू लागल्यावर निवड बरीच सोपी झाली. म्हणून वहीत जोडीशेजारी तिसरा रकाना ठेवून त्यात नकारासह एक पूर्ण वाक्य लिहावे, असे मी आग्रहाने सुचवेन. ‘स्मत्री’ (बघ हं) हा शब्द आधी आला, तर पुढे बहुधा इशाराच असतो.