बिनतारी ‘बॅकहॉल’ला मराठीत काय म्हणायचं?

वाळपईकर

एका पत्रकाचं भाषांतर हाती आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात मोबाइल टॉवर येतोय, ग्रामसभेत विषय निघणार, म्हणून दोन पानांचं माहितीपत्रक मराठीत हवंय. त्यात एक वाक्य आहे: टॉवर केबलने नव्हे, तर ई-बँडच्या वायरलेस बॅकहॉलने नेटवर्कला जोडला जाईल.

मी लिहिलं: ‘हा मनोरा उच्च वारंवारतेच्या बिनतारी पाठवाहिनीने मुख्य जाळ्याशी जोडला जाईल.’ एका पंचसदस्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, “पाठवाहिनी म्हटलं की पाठीतली शीर वाटते. आणि ‘उच्च’ वाचून लोक विचारणार, ज्यादा पावरचा टॉवर घालता काय?” त्याने ‘परतीची वाहतूक’ सुचवलं. मला ते कदंबा बसचं वेळापत्रक वाटतं.

शब्द सुचवा. शनिवारी छापायला द्यायचंय.

ढोलवाला

आम्ही टॉवरवर चढणारे लोक बॅकहॉलच म्हणतो. “बॅकहॉल डाउन आहे”, “बॅकहॉल फुल्ल आहे.” झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टॉवरवर उभ्या लांबट पट्ट्या दिसतात, त्या तुमच्या फोनशी बोलतात. गोल ढोल दिसतात, ते दुसऱ्या टॉवरच्या ढोलाशी बोलतात. बिनतारी बॅकहॉल म्हणजे ते ढोल. फायबर घातली तर ढोल नको, पण सत्तरीत जांभ्यात चर मारायचा, रानातून न्यायची तर वनखात्याचा कागद, आणि एवढं करून रस्ता रुंद करताना जेसीबीचा दात लागला की सगळं गाव बंद.

जुना_मास्तर

महापौर, दिनांक, दूरध्वनी हे सावरकरांचे शब्द आले तेव्हाही लोक हसले होते. आज महापौर म्हणताना कोण अडखळतो? ‘पश्चवहन’ करा. पश्च म्हणजे मागचे, वहन म्हणजे वाहून नेणे. अर्थ चोख आहे.

काळी_मिरी

मास्तर, महापौर चालला हे खरं. दूरध्वनी मात्र लग्नपत्रिकेच्या तळाशी उरलाय, तिथेही हल्ली ‘मो.’ लिहितात. पश्चवहन ग्रामसभेत वाचलं तर कोणीतरी विचारेल, सांडपाणी कुठून सोडता?

बार्जवाली

हॉल हा मुळात वाहतुकीचा शब्द. ट्रक माल उतरवून रिकामा न येता परतीचं भाडं घेऊन येतो, त्याला बॅकहॉल म्हणतात. आमच्या घरी खनिजाचे ट्रक होते. खाणीवरून माल आमोण्याच्या जेटीवर, तिथून बार्जने मुरगाव बंदरात. येताना ट्रक रिकामाच, लाल धूळ तेवढी परत आणायचा. धंद्यात शब्द होता ‘खेप’. मी म्हणेन ‘परतखेप’. खेप हा ‘क्षेप’वरून आलाय, क्षेप म्हणजे फेकणे. लहरी फेकतातच ना? एका दगडात दोन पक्षी.

शॉर्टवेव्ह

बार्जवालीताई, पक्षी एकही पडला नाही. हॉल म्हणजे ओढणे. जहाजावरचा दोर ओढण्याला पोर्तुगीजमध्ये ‘अलार’ म्हणतात, तो आणि हॉल एकाच घराण्यातले. फेकण्याच्या नेमकं उलट. गोव्यात ओढायचं म्हटलं की रापणीचं जाळं, मग ‘पाठओढ’ म्हणा.

पण माझा आक्षेप बॅकहॉलला नाहीच, ‘उच्च वारंवारते’ला आहे. रेडिओच्या शास्त्रात हाय फ्रिक्वेन्सी ही ठरलेली पायरी आहे: ३ ते ३० मेगाहर्ट्झ. म्हणजे शॉर्टवेव्ह, ज्यावर आम्ही रात्री खरखरीतून परदेशी स्टेशनं शोधायचो. ई-बँड ७१ ते ७६ आणि ८१ ते ८६ गिगाहर्ट्झ. हजारो पट वर. इंग्रजीत वरच्या पायऱ्यांना ‘व्हेरी’, ‘अल्ट्रा’, ‘सुपर’, ‘एक्स्ट्रीमली’ लावत गेले आणि शेवटी त्यांचीही विशेषणं संपली. आपण उच्च, अत्युच्च, परमोच्च करत किती चढणार? आकडा लिहा आणि मोकळे व्हा.

काळी_मिरी

‘पाठओढ’. आमच्या मुलाला नेटवर्कची ओढ आधीच भरपूर आहे.

जुना_मास्तर

वारंवारता हा शालेय पुस्तकांचा शब्द. मराठी विश्वकोशाने ‘कंप्रता’ वापरलाय आणि तो जास्त नेमका आहे. वारंवार तर पाहुणेही येतात.

वाळपईकर

मास्तर, कंप्रता लिहिलं तर लोक भूकंपाची नोंद समजतील. टॉवरला आधीच विरोध आहे.

शॉर्टवेव्ह

कंप्रता परवडली, पण ‘ध्वनिलहरी’ नको. टू-जी प्रकरणाच्या वेळी मराठी पेपरांनी स्पेक्ट्रमला सर्रास ‘ध्वनिलहरी’ केलं. ध्वनिलहरींचा लिलाव! ध्वनी हवेतून जातो, सेकंदाला साधारण ३४० मीटर. रेडिओलहर प्रकाशाची सख्खी बहीण, तिला हवा लागतच नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९०च्या दशकात कोलकात्यात मिलिमीटरच्या मापातल्या लहरींवर प्रयोग केले, आजच्या या ढोलांच्या शेजारच्याच लहरी. त्यावर बंगालीत लिहिताना त्यांनी मथळा दिला ‘अदृश्य आलोक’. न दिसणारा प्रकाश. त्या हिशेबाने स्पेक्ट्रमला ‘वर्णपट’ बरोबर बसतो.

काळी_मिरी

वर्णपट म्हटलं की आमच्याकडे लोक जातीचा दाखला काढायला धावतील. स्पेक्ट्रम लिहा, मुलाबाळांना कळतो.

जुना_मास्तर

मुलाबाळांना कळतो हा निकष लावला तर मराठीत क्रियापदं तेवढी उरतील. तीही ‘करणे’ आणि ‘मारणे’.

फोंड्याचा_नातू

मध्येच बोलतो. ‘बिनतारी’वर कोणी काही म्हणालं नाही, तो शब्द फार चांगला आहे. पोलिसांचा बिनतारी संदेश, बिनतारी यंत्रणा. आजोबांकडून बांबोळीच्या वायरलेसची गोष्ट कितीदा ऐकली: १८ डिसेंबर १९६१ला भारतीय विमानांनी बांबोळीचं केंद्र उडवलं आणि गोव्याचा लिस्बनशी संपर्क तुटला. आजोबा मराठीत सांगताना ‘बिनतारी’ म्हणत, कोंकणीत सांगताना ‘वायरलेस’. का, ते ठाऊक नाही.

बार्जवाली

कारण मराठी ते शाळेत शिकले असतील आणि कोंकणी घरात. शाळेतल्या भाषेला शब्द सापडतात, घरातली आहे ते उचलते.

जुना_मास्तर

हा वाद इथे नको. १९८७च्या राजभाषा कायद्यावर पुन्हा सुरू झालं तर धागा आटपला.

वाळपईकर

मास्तरांना अनुमोदन. बॅकहॉलकडे या, कृपा करून. पत्रकात पुढे एक ओळ आहे, ‘सर्व हवामानात अखंड सेवा’. हे तरी खरं आहे का, ढोलवालाभाऊ?

ढोलवाला

ज्याने लिहिलं तो जुलैत वाळपईला राहिलेला नाही.

ई-बँडची लहर चार मिलिमीटरच्या आतबाहेर. पावसाचा थेंबही त्याच मापाचा, म्हणून थेंब तिला खातो आणि विखरून टाकतो. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळत असेल तर दर किलोमीटरला ३० डेसिबलच्या आसपास जातात, म्हणजे निघालेल्याचा हजारावा भाग पोचतो. १८ गिगाहर्ट्झला त्याच पावसात दहाच्या आसपास, सातला दोनच्या. आणि ‘गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस’ या आकड्याचा आम्हाला उपयोग नाही. दिवसभर रिपरिप झाली तर दोन ढोलांमधली लिंक मजेत असते. दहा मिनिटांची सर आली, समोरचा डोंगर दिसेनासा झाला, की लिंक फेड होते, म्हणजे सिग्नल विरतो.

मग ई-बँड घेतात कशाला? रुंदी. जुन्या मायक्रोवेव्हमध्ये २८ मेगाहर्ट्झची पट्टी मिळायची, इथे एकेक पट्टी २५० मेगाहर्ट्झची. चार-पाच पट्ट्या जोडल्या की फायबरच्या तोंडात मारेल असा वेग. म्हणून अंतर कमी ठेवतात, आमच्या पावसात एक-दोन किलोमीटर. जोडीला त्याच वाटेवर १८चा एक ढोल असतो. सर आली की ई-बँडचा रेडिओ आपणच वेग उतरवतो, तेही जमेना तर महत्त्वाचं तेवढं १८वरून जातं. फोन लागतो, व्हिडिओ गोल गोल फिरतो.

काळी_मिरी

“पावस आयलो, नेट गेलें.” आमच्या आजीला डेसिबल न शिकता माहीत आहे.

जुना_मास्तर

‘लिंक फेड झाली’ हे वाक्य मला आवडलं. मराठीत फेड कर्जाची होते. इथे पावसाचं कर्ज दिसतंय.

ढोलवाला

आम्ही ‘फेड मारते’ असंही म्हणतो. म्हणजे तुमचं ‘मारणे’ आलंच मास्तर.

आणि तो ‘उच्च म्हणजे ज्यादा पावर’चा गैरसमज पत्रकात खोडा. ई-बँडच्या रेडिओतून बाहेर पडतं ते साधारण १०० मिलिवॅट, बऱ्याचदा त्याहून कमी. तुमचा फोन लांबच्या टॉवरला ओरडताना २००पर्यंत जातो. ढोल तेवढ्याशा ताकदीला अर्ध्या अंशाच्या बारीक झोतात कोंबतो आणि तो झोत गावावरून, माणसांच्या डोक्यांच्या वरून जातो.

वाळपईकर

हे मी घालतो. पण हा झोत ‘मागे’ जातो असं का म्हणायचं? बॅक कोणाच्या मागे?

ढोलवाला

फोनवाल्याच्या बाजूने बघितलं तर टॉवरच्या मागे. आता ५जीत आणखी भानगड. टॉवरच्या टोकावरचा रेडिओ आणि त्याचा डबा यांच्यातल्या वाटेला फ्रंटहॉल म्हणतात, मधल्या टप्प्याला मिडहॉल. पाठवाहिनी केलीत तर पोटवाहिनी आणि कंबरवाहिनीची तयारी ठेवा.

काळी_मिरी

वैद्यबुवांना बोलवा कोणीतरी.

शॉर्टवेव्ह

म्हणूनच दिशा सोडा आणि काम धरा. ‘मनोरा-जोड’ म्हणा, किंवा ‘जोडदुवा’.

जुना_मास्तर

दुवा म्हणजेच जोड. जोडदुवा म्हणजे ‘पिवळा पीतांबर’. शिवाय केबलनेही मनोरा जोडतात, मग फरक राहिला कुठे? पश्चवहनाला अजून कोणी सबळ हरकत घेतलेली नाही, सांडपाण्याचा विनोद सोडून.

बार्जवाली

परतखेपेलाही नाही.

शॉर्टवेव्ह

परतखेपेला आहे. बॅकहॉलमध्ये माल दोन्ही दिशांना चालतो, परत कोणीच येत नाही.

बार्जवाली

मग ‘खेप’च ठेवा. खेपेला दिशा नसते. पाण्याच्या खेपा, चिऱ्यांच्या खेपा, तशा डेटाच्या खेपा.

ढोलवाला

खेप बरा वाटतोय खरं तर. पण साइटवर “खेप डाउन आहे” म्हटलं तर सुपरवायझर ट्रकच्या टायरबद्दल विचारेल.

वाळपईकर, शब्दापेक्षा मोठी गोष्ट सांगतो, पत्रकात घाला. समोरचा टॉवर नजरेला दिसायलाच हवा. ई-बँडला वाट अगदी अरुंद पुरते, दोन किलोमीटरच्या मध्यावर दीड मीटर इकडे, दीड मीटर तिकडे मोकळं असलं की झालं. पण त्या अरुंद वाटेत माडाची एक ओली चुडत आली तरी लिंक रडते. एकदा ढोल लावला तेव्हा वाट साफ होती, पुढे लिंक संध्याकाळी तेवढी पडायला लागली. वर चढून पान्याने ढोल अर्धा केस डावीकडे, अर्धा केस उजवीकडे, मीटरवर आकडा येतो नि जातो. आम्हाला वाटलं पहिल्यापासूनच खोट्या झोतावर बसवलाय. मुख्य झोताच्या बाजूला बारके झोत असतात, नवखा माणूस त्यातल्या एकावर खुश होऊन उतरतो. पण तसं नव्हतं. समुद्रावरून वारा सुटला की मधल्या बागायतीतला एक वाढलेला माड वाटेत झुकायचा. मालक तोडू देईना.

काळी_मिरी

तोडायची परवानगी लागते ना पण? माड हे झाड आहे की नाही यावर सरकारचंच ठरत नव्हतं. २०१६ला कायद्याच्या व्याख्येतून माडाला काढलं, केवढा गदारोळ झाला, आणि २०१७ला परत झाडात घेतलं.

जुना_मास्तर

आणि काढताना कारण दिलं शास्त्राचं, की माडाला फांद्या नाहीत. भाषेच्या दृष्टीने हास्यास्पद. मराठीत केळीलाही झाड म्हणतात. व्याख्या कायद्याने करायची असेल तर करा, पण ‘झाड’ या शब्दावर वनस्पतिशास्त्राचा ताबा नाही.

शॉर्टवेव्ह

मास्तर, हेच मी म्हटलं की तुम्हाला चालत नाही. ‘स्पेक्ट्रम’ लोक म्हणतात म्हणून चालेना, ‘झाड’ लोक म्हणतात म्हणून चाललं?

जुना_मास्तर

झाड आपलं आहे.

फोंड्याचा_नातू

ढोलवालाभाऊ, ‘चुडत’ म्हणालात. आमच्या घरी मराठी बोलताना झावळी म्हणतात.

ढोलवाला

झावळी पुस्तकात. वरून डोक्यात पडते ती चुडत.

बार्जवाली

आमच्याकडे विणलेली असेल तर वेगळा शब्द, सुकी असेल तर वेगळा. रात्री वाट दाखवायला सुक्या चुडतीच पेटवायचे, त्यावरूनच ‘चूड’ आलाय.

शॉर्टवेव्ह

उलट. चूड आधी, चुडत नंतर.

बार्जवाली

पुरावा?

वाळपईकर

मंडळी, शनिवार.

शॉर्टवेव्ह

पुरावा रात्री घरी गेल्यावर कोश बघून देतो. तोवर ताईंनी विणलेल्या चुडतीचा शब्द सांगावा, सत्तरीतला आणि पेडण्यातला वेगवेगळा.