‘कम्फर्टेबल टू सिट’ की ‘टू सिट ऑन’? शेवटचं प्रिपोझिशन मराठी समोर ठेवूनच शिकवावं

मेधा (धागाकर्ती)

मी मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. वह्या तपासताना काही वाक्यं दरवर्षी भेटतात. ‘धिस चेअर इज कम्फर्टेबल टू सिट.’ ‘धिस पेन इज गुड टू राइट.’ ‘अवर व्हिलेज इज नाइस टू लिव्ह.’ तिन्हीत शेवटचा शब्द, म्हणजे प्रिपोझिशन (शब्दयोगी अव्यय), गळलेला आहे: ऑन, विथ, इन.

याला निष्काळजीपणा म्हणणं मला मान्य नाही. ‘खुर्ची बसायला चांगली’, ‘पेन लिहायला चांगलं’, ‘गाव राहायला छान’ ही अस्सल मराठी वाक्यं आहेत. खुर्चीवर, पेनाने, गावात यातले वर, ने, त हे नामालाच चिकटलेले असतात. नाम वाक्याच्या सुरुवातीला कर्ता होऊन बसलं की ते गळून पडतात, कारण मराठीत त्यांना एकटं उभं राहता येत नाही. इंग्रजीत नाम पुढे गेलं तरी प्रिपोझिशन क्रियापदापाशीच थांबतं. फ्रेझल व्हर्ब (क्रियापद आणि छोटे शब्द मिळून होणारा एक अर्थ) असेल तर मागे दोन-दोन शब्द राहतात: ‘ही इज ईझी टू गेट अलाँग विथ’, ‘द नॉइज इज हार्ड टू पुट अप विथ’. इथे मुलं एक तर ‘विथ’ सोडतात, नाहीतर ‘विथ हिम’, ‘विथ इट’ लिहितात.

ही दुसरी चूक आपणच शिकवतो. ‘सो... दॅट’चं रूपांतर आठवा. ‘द बॉक्स इज टू हेवी टू लिफ्ट’ याचं ‘द बॉक्स इज सो हेवी दॅट आय कॅनॉट लिफ्ट इट’ होतं. एका वाक्यात ‘इट’ लागतो, दुसऱ्यात चालत नाही. अशी वाक्यं आपण ढिगाने सोडवून घेतो, पण तो ‘इट’ कुठून आला आणि कुठे गेला हे सांगत नाही.

माझं मत असं: मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून हा फरक उघड शिकवावा.

सुहास

मेधाताई, निरीक्षण अचूक आहे, पण उपाय पटला नाही. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांनाही ही रचना कोणी फळ्यावर शिकवत नाही. भाषाशास्त्रज्ञ कॅरल चॉम्स्की यांनी १९६९ मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. टेबलावर डोळ्यांना पट्टी बांधलेली बाहुली ठेवायची आणि विचारायचं, ‘ही बाहुली ईझी टू सी आहे की हार्ड टू सी?’ लहान मुलांपैकी बरीच ‘हार्ड’ म्हणाली. बाहुलीला दिसत नाही, असा अर्थ त्यांनी लावला होता. आता तिला ‘ईझी टू सी’ कर म्हटल्यावर ती डोळ्यांवरची पट्टी काढायची. वय वाढलं तशी हीच समज कोणत्याही नियमाशिवाय बरोबर झाली. सतत कानावर पडल्यामुळे.

म्हणून मी ‘ईझी टू गेट अलाँग विथ’ हा अख्खा तुकडा तोंडात बसवतो. वर्गात आपसात बोलायला लावतो. कर्ता, कर्म, गळालेला प्रत्यय असं सुरू केलं की मागच्या बाकावरची मुलं माना खाली घालतात.

मेधा

सर, हा प्रयोग तर माझ्याच बाजूने बोलतो. घरीदारी, अष्टौप्रहर इंग्रजी ऐकणाऱ्या मुलालाही ही रचना उमजायला वर्षं लागतात. माझ्या वर्गातल्या मुलीला दिवसाकाठी एक तास मिळतो, त्यातही बरंचसं बोलणं मराठीत. तिच्या कानांवर सगळा भार टाकणं न्यायाचं नाही.

अनिकेत

मी हिंजवडीत कस्टमर सपोर्टला आहे, रोज परदेशी ग्राहकांशी बोलतो. ‘टू सिट’ म्हटलं म्हणून आजवर कोणी अडलं नाही. खुर्चीचं माणूस दुसरं काय करणार? अर्थ पोचला की झालं. आमच्याकडे नवीन येणारी गावाकडची पोरं हुशार असतात, पण चुकीच्या भीतीने तोंडच उघडत नाहीत. त्या भीतीत या धाग्याने आणखी एका नियमाची भर पडू नये, एवढंच म्हणणं आहे.

रेवती

अनिकेत, खुर्चीचं ठीक आहे, ती बोलत नाही. माणूस आला की अर्थ उलटतो. ‘ही इज टू स्टबर्न टू टॉक’ म्हणजे तो इतका हट्टी की स्वतः बोलतच नाही. ‘ही इज टू स्टबर्न टू टॉक टू’ म्हणजे त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. शेवटच्या एका ‘टू’ने बोलणारा माणूस बदलला. ग्राहकाबद्दल साहेबांना मेल लिहिताना हा फरक छोटा नाही.

मराठीतही ‘माणूस बोलायला गोड आहे’ म्हटलं तर बोलणारा तोच असतो. हेच मनात धरून ‘ही इज नाइस टू टॉक’ लिहिलं जातं, आणि सांगायचं असतं की त्याच्याशी बोलायला बरं वाटतं. मी भाषांतराचं काम करते, अशी वाक्यं नेहमी हाताखालून जातात. मेधाताईंनी मराठी शेजारी मांडायचा धरलेला आग्रह मला यासाठीच महत्त्वाचा वाटतो.

भालचंद्र

मी निवृत्त शिक्षक. आमच्या वेळी प्रिपोझिशनने वाक्य संपवणं अशुद्ध मानत. अजूनही मला ‘हार्ड टू पुट अप विथ’ कानाला खटकतं. मुलांना सरळ ‘इट इज हार्ड टू पुट अप विथ द नॉइज’ शिकवा. काही गळणार नाही, काही लटकणार नाही.

रेवती

भालचंद्र सर, त्या नियमाचा पाया कच्चा आहे. १६७२ मध्ये इंग्रजी कवी जॉन ड्रायडनने आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सन याच्या ओळीत शेवटी आलेल्या प्रिपोझिशनला दोष दिला. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथने आपल्या व्याकरणात लिहिलं की गंभीर लेखनात ते आधी आलेलं शोभतं, पण शेवटी ठेवण्याकडे इंग्रजीचा कल आहे. म्हणजे त्यानेही बंदी घातली नव्हती. १९२६ मध्ये फाउलरने इंग्रजी शब्दवापरावरच्या आपल्या कोशात तर या नियमाला जपून ठेवलेली अंधश्रद्धा म्हटलं. आणि ज्या रचनेबद्दल आपण बोलतोय तिथे प्रिपोझिशन हलवायला दुसरी जागाच नाही. तुमचं ‘इट इज’चं वाक्य शुद्ध आहे, पण ‘ही इज हार्ड टू लिव्ह विथ’ यात बोलणं त्या माणसाच्या स्वभावाबद्दल आहे. ‘इट इज’ने ते राहण्याच्या त्रासाबद्दल होतं.

सुहास

रेवतीताई, अर्थाचा मुद्दा मान्य. पण मेधाताईंच्या फळ्यावरच्या तुलनेची मर्यादा बघा. ‘इम्पॉसिबल’ चालतं: ‘ही इज इम्पॉसिबल टू टॉक टू.’ त्यावरून मुलगा ‘ही इज पॉसिबल टू टॉक टू’ लिहील, आणि ते चालत नाही. ‘ईगर’, ‘रेडी’, ‘अफ्रेड’ यांची तऱ्हा आणखी वेगळी. ‘शी इज ईगर टू गेट अलाँग विथ हिम’ इथे ‘हिम’ हवाच, कारण जुळवून घेणारी ती आहे. नियम सांगायला जाल आणि अपवादांची यादी पाठ करून घ्याल.

मेधा

यादी नको, एक कसोटी पुरते, आणि ती भालचंद्र सरांच्या वाक्यातच आहे. विशेषणाआधी ‘इट इज’ लावून बघायचं. ‘इट इज ईझी टू टॉक टू हिम’ उभं राहतं. मग ‘हिम’ला पुढे आणून ‘ही’ करा आणि मागची जागा रिकामी ठेवा, ‘टू’ मात्र तिथेच राहू द्या. ‘इट इज ईगर टू टॉक टू हिम’ उभंच राहत नाही, म्हणजे तिथे काही हलवायचं नाही. ‘पॉसिबल’ तेवढं वेगळं सांगावं लागतं, ते मी सांगते. नववीच्या मुलांना ही कसोटी वापरता येते, कारण ‘इट इज’ची वाक्यं त्यांना आधीपासून येत असतात.

अनिकेत

हे चालेल. बोलताना अडवू नका, लिहिताना कसोटी लावू द्या. आमच्याकडे मेलचा मसुदा पाठवण्याआधी एकदा वाचतातच, तिथे उपयोग होईल.

सुहास

क्रमाबद्दल माझा आग्रह कायम आहे. आधी महिनाभर ‘ईझी टू टॉक टू’, ‘हार्ड टू लिव्ह विथ’, ‘फन टू प्ले विथ’ हे तुकडे बोलण्यात येऊ द्या, कसोटी त्यानंतर. तोंडात वाक्यच नसेल तर पारखणार काय?

मेधा

महिनाभर थांबणार नाही, सर. मराठी वाक्य त्यांच्या तोंडात आधीच आहे, मी तिथून सुरू करते. तुमचे तुकडे मात्र सोमवारच्या तासाला घेते.