विंडोज १० चा आधार संपला: अडत दुकानातील जुन्या संगणकाचे काय करावे?

गूळपट्टी (शाहूपुरी, कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. मार्केट यार्डात आमचे गुळाचे अडत दुकान असून तेथील हिशेबाचे काम मी पाहते. दुकानात २०१६ साली घेतलेला एकच संगणक आहे. त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची मोफत सुरक्षा अद्यतने थांबवल्याची सूचना पडद्यावर वारंवार येते. आम्हाला सामान पुरवणाऱ्या विक्रेत्याने यंत्र पाहून, हे आता भंगारात काढा आणि विंडोज ११ असलेले नवे घ्या, असे सांगितले व त्याच बैठकीत कोटेशनही हातात ठेवले.

माझी अडचण अशी आहे की शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, ज्या प्रोग्रॅमवर निघतात, तो आम्हाला पंधराएक वर्षांपूर्वी एका स्थानिक प्रोग्रॅमरने करून दिला होता आणि ते गृहस्थ आता हा व्यवसाय करत नाहीत. पट्टीवरची मराठी ‘शिवाजी’ फॉन्टमध्ये आहे आणि छपाई डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर तीन प्रतींत, मध्ये कार्बन घालून होते. गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या, वजन, सौद्यातील दर, हमाली, तोलाई आणि उचल वजा जाता देय रक्कम हे सारे त्या एका कागदावर येते. याच संगणकावर मी बँकेचे व्यवहार करते आणि जीएसटीची विवरणपत्रेही भरते. घरी मुलीचा विंडोज ११ असलेला लॅपटॉप आहे, परंतु तो दुकानात आणलेला नाही. अँटिव्हायरस चालू असताना धोका खरोखर किती आहे, पट्टीचा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालेल का, आणि ऐन हंगामात दुकान न थांबवता हे कसे करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सर्किटबोर्ड (राजारामपुरी)

ताई, प्रथम धोक्याविषयी लिहितो. अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीच्या घातक फाइली आणि संशयास्पद हालचाली पकडतो; खुद्द विंडोजमध्ये सापडलेली फट मात्र विंडोजच्या अद्यतनानेच बुजते. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रॅमने जगभरातील संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारे अद्यतन मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिलेले होते, ज्यांनी ते बसवले नव्हते ते सापडले. आता विंडोज १० मध्ये पुढे सापडणारी प्रत्येक फट मुदतवाढ न घेतलेल्या यंत्रात उघडीच राहणार. विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरला नव्या व्हायरसांची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील. पण तेवढ्यावर बँकेचे व्यवहार सोपवावेत असे मला वाटत नाही.

मुदतवाढीच्या दोन योजना आहेत आणि विक्रेते बहुधा एकीविषयीही बोलत नाहीत, कारण त्यात त्यांना विकण्यासारखे काही नसते. घरगुती वापरकर्त्यांसाठीची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अद्यतने देते. त्यासाठी यंत्रावर विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. संगणकाच्या सेटिंग्ज त्या खात्याशी जोडून ठेवल्यास पैसे पडत नाहीत, अन्यथा ३० डॉलर एकदाच भरावे लागतात. आस्थापनांसाठीची योजना वेगळी असून तिचा दर पहिल्या वर्षी प्रतियंत्र ६१ डॉलर आहे, पुढे तो दरवर्षी दुप्पट होतो आणि तीन वर्षांनंतर ती सोयही संपते. आपले यंत्र दुकानाचे असल्याने रीतसर पाहता दुसरी योजना लागू होते. पहिल्या वर्षाचे साधारण पाच-साडेपाच हजार रुपये एक वेळ समजू शकतो. परंतु दहा वर्षे वापरलेल्या संगणकासाठी दुसऱ्या वर्षी १२२ आणि तिसऱ्या वर्षी २४४ डॉलर मोजणे मला तरी व्यवहार्य दिसत नाही.

तरीही आपल्या बाबतीत खरा मार्ग मला निराळा वाटतो. एकाच यंत्रावर दोन अगदी वेगळ्या स्वभावाची कामे चालली आहेत. बँक आणि जीएसटी यांना इंटरनेट हवे, म्हणून अद्ययावत यंत्रही हवे. उलट पट्टीच्या प्रोग्रॅमला इंटरनेटशी काहीच देणेघेणे नाही. पहिली कामे मुलीच्या लॅपटॉपवर स्वतंत्र वापरकर्ता खाते उघडून तिकडे न्यावीत आणि दुकानातील संगणकाची नेटची केबल काढून टाकावी. मग त्याला मुदतवाढही लागणार नाही आणि या हंगामात नवे यंत्रही लागणार नाही.

एक मात्र तपासून घ्यावे. बँकेसाठी वा विवरणपत्रांसाठी डिजिटल सहीचे टोकन वापरत असाल, तर त्याचा ड्रायव्हर लॅपटॉपवर आधी बसवून, एखादी सही करून पाहावी. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला हा शोध लागू नये.

जुना_ऑपरेटर (गडहिंग्लज)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. पण ते यंत्र एक दिवस बंद पडणारच, म्हणून प्रोग्रॅमची पुढची व्यवस्था आजच समजून घेतलेली बरी.

पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडचे बहुतेक स्थानिक प्रोग्रॅमर व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करत आणि माहिती अॅक्सेसच्या फाइलीत साठवत. आपला प्रोग्रॅम तसा असेल तर काळजीचे कारण कमी आहे, कारण व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये केलेले प्रोग्रॅम विंडोज ११ वरही चालतात. डॉसच्या काळातला, म्हणजे १६ बिटचा असेल तर मात्र प्रश्न गंभीर आहे. असे प्रोग्रॅम फक्त ३२ बिटच्या विंडोजवर थेट चालतात आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्येच मिळते. सेटिंग्जमधील ‘सिस्टीम टाइप’पुढे आपल्या यंत्रावर ६४ बिट विंडोज असल्याचे दिसले आणि प्रोग्रॅम त्यावर थेट चालत असला, म्हणजे तो १६ बिटचा नाही हे तिथेच सिद्ध झाले.

आता फॉन्ट. शिवाजी हा युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व यंत्रांवर अक्षरे सारखीच वाचणारी युनिकोड ही पद्धत रुळण्यापूर्वीचा फॉन्ट आहे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरेच साठवलेली असल्याने, ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही तेथे शेतकऱ्याच्या नावाऐवजी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. म्हणून प्रोग्रॅमचा फोल्डर आणि माहितीची फाइल यांच्यासोबत विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून ही फॉन्टची फाइलही उचलून ठेवावी. लोक नेमकी हीच विसरतात. नावांची यादी युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात, परंतु रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांवर ती हमखास अडखळतात. ‘अर्जुनवाड’ आणि ‘शिरोळ’ ही दोन नावे आधी बदलून पाहावीत. ती शाबूत आली तर बाकीच्या यादीला हात घालावा.

प्रिंटरचा मुद्दा या दोन्हींपेक्षा किचकट आहे. कार्बनची प्रत निघण्यासाठी कागदावर टाचण्यांचा आघात व्हावा लागतो. शाई उडवणाऱ्या किंवा लेझर प्रिंटरला ते जमत नाही, त्यामुळे डॉट मॅट्रिक्स बदलायचा नाही हे गृहीत धरतो. आपला प्रिंटर पंचवीस टाचण्यांच्या जाड, रुंद जोडणीने लावला असेल तर ती पॅरलल पोर्टची जोडणी आहे आणि नव्या संगणकांवर ती सहसा नसते. यूएसबीला लावायचे रूपांतरक मिळतात. प्रोग्रॅम विंडोजच्या प्रिंटर यादीतून छपाई करत असेल तर ते व्यवस्थित चालतात. प्रोग्रॅम मजकूर थेट एलपीटी १ (पॅरलल पोर्टचे विंडोजमधील नाव) कडे पाठवत असेल तर नुसता रूपांतरक लावून भागत नाही, तो प्रिंटर संगणकावर शेअर करून एलपीटी १ त्याच्याकडे वळवावा लागतो. शिवाजी फॉन्टमधील मजकूर छापला जातो आहे त्याअर्थी बहुधा विंडोजमार्फतच छपाई होत असावी. पट्टी सोडताना प्रिंटर निवडण्याची खिडकी उघडते का, तेवढे कळवावे.

लोखंडी_पेटी (शिवाजी उद्यमनगर)

एवढा खटाटोप करण्याचे कारण मला समजले नाही. रूफस नावाचे मोफत साधन वापरून विंडोज ११ ची पेन ड्राइव्ह तयार केली की प्रोसेसर आणि टीपीएम (संगणकातील सुरक्षेची अंगभूत सोय) यांच्याविषयीच्या विंडोज ११ च्या अटी वगळता येतात. आमच्या वर्कशॉपमधील यंत्रावर असेच विंडोज ११ चालू आहे आणि सहाव्या पिढीवरही ते बसते.

सर्किटबोर्ड (राजारामपुरी)

बसते, हे खरे. मात्र विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, टीपीएम २.० आणि किमान ४ जीबी रॅम अशा अटी आहेत आणि त्यांत न बसणाऱ्या यंत्रांना अद्यतने मिळतच राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. पुढच्या एखाद्या मोठ्या आवृत्तीला ते यंत्र अडले, तर पट्टीचे काम त्या दिवशी कोण करणार? वर्कशॉपमधील जादा यंत्रावर हा प्रयोग करायला हरकत नाही. ज्या दुकानात संगणक एकच आहे आणि दारात शेतकरी पट्टीसाठी उभा आहे, तेथे मी तो सुचवणार नाही.

गूळपट्टी (शाहूपुरी, कोल्हापूर)

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिले. आवृत्ती २२एच२ आहे, विंडोज ६४ बिट आहे आणि पट्टी सोडताना प्रिंटर निवडण्याची खिडकी उघडते. टीपीएम तपासल्यावर २.० असेच दिसले, म्हणून क्षणभर आशा वाटली होती. परंतु मायक्रोसॉफ्टच्या तपासणी प्रोग्रॅमने प्रोसेसरवर बोट ठेवले. डिजिटल सहीचे टोकन आम्ही वापरत नाही. बँक आणि जीएसटी दोन्हीकडे ओटीपी येतो. तेव्हा ती कामे लॅपटॉपवर नेण्याचे ठरवले आहे. दोनच शंका उरल्या आहेत. नेट काढल्यावर पट्ट्यांच्या माहितीची प्रत कशी व कोठे ठेवावी? आणि हा संगणक सकाळी सुरू होऊन प्रोग्रॅम उघडेपर्यंत चहा होऊन जातो, त्यावर काही उपाय आहे का?

पंचगंगाकाठ (नागाळा पार्क)

पहिल्या शंकेबद्दल लिहितो. प्रत ठेवण्याची जागा ठरवताना कोल्हापुरात पुराचा विचार आधी करावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात दसरा चौक, व्हीनस कॉर्नर या भागांत तळमजल्यांवर पाणी शिरले आणि दुकानांतील टेबलाखालचे सीपीयू त्यात गेले. शेजारच्याच ड्रॉवरमध्ये ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्कही अनेकांच्या उपयोगाची राहिली नाही. म्हणून एक प्रत दुकानात आणि दुसरी दुकानाबाहेर, शक्यतो वरच्या मजल्यावरील घरात असावी. दोन पेन ड्राइव्ह घ्याव्यात: आठवड्याच्या शेवटच्या सौद्यानंतर एकीवर प्रत घेऊन ती घरी न्यावी आणि पुढच्या आठवड्यात दुसरी वापरावी. घरी गेल्यावर ती फाइल लॅपटॉपवर उतरवून खात्याच्या क्लाउडमध्येही टाकता येईल. पट्ट्यांची माहिती म्हणजे आकडे आणि नावे, तिला जागा फारशी लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की प्रत रोज घ्यावी आणि सीपीयू टेबलावर उचलून ठेवावा. पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीला पोचल्यावर ही कामे सुचत नाहीत.

नेट नसलेल्या संगणकात व्हायरस येण्याचा उरलेला रस्ता म्हणजे हीच पेन ड्राइव्ह. या दोन ड्राइव्हवर गाणी, लग्नाचे फोटो, कोणाच्या झेरॉक्सच्या फाइली असे काहीही टाकू नये आणि बाहेरची कोणतीही ड्राइव्ह त्या संगणकाला लावू देऊ नये. पाहुण्यांना नकार देणे अवघड जाते, त्यापेक्षा समोरचे पोर्ट आतून सोडवून ठेवलेले सोपे.

सर्किटबोर्ड (राजारामपुरी)

दुसऱ्या शंकेचे उत्तर म्हणजे एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. चार-पाच माणसांच्या कार्यालयातही जुने यंत्र संथ असण्याचे कारण बहुतेक वेळा प्रोसेसर नसून फिरती हार्ड डिस्क हेच असते. आपल्या कामासाठी २४० किंवा २५६ जीबीची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी पुरेशी आहे. कारागिराकडून जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर करून घ्यावी, म्हणजे प्रोग्रॅम, फॉन्ट आणि प्रिंटर यांची पुन्हा जुळवाजुळव करावी लागत नाही. नव्याने विंडोज टाकतो म्हणणाऱ्याला काम देऊ नये, कारण प्रोग्रॅमची मूळ स्थापना फाइल आपल्यापाशी असेलच असे नाही. नक्कल झाल्यावर जुनी डिस्क न पुसता कपाटात ठेवावी. ती तिसरी प्रत झाली.

रॅम ४ ची ८ जीबी केल्यास आणखी फरक पडेल, परंतु सध्या त्याची निकड नाही. एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चांगलेच चढले आहेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळण्याची घोषणा केली. घ्यायचीच झाली तर सहाव्या पिढीच्या बोर्डावर डीडीआर ३ एल आणि डीडीआर ४ या प्रकारांपैकी कोणतीही असू शकते आणि एका प्रकारची रॅम दुसरीच्या खाचेत बसत नाही, म्हणून बसवलेली रॅम काढून तीच दुकानात दाखवावी. नव्या यंत्राच्या कोटेशनवरही याच भाववाढीचा बोजा आहे, तेव्हा विक्रेत्याला हंगाम संपल्यावर पाहू असे कळवायला काहीच हरकत नाही.

जुना_ऑपरेटर (गडहिंग्लज)

निवडीची खिडकी उघडते म्हणजे छपाई विंडोजमार्फतच होते. यूएसबीचा रूपांतरक चालून जाईल. प्रोग्रॅमचा फोल्डर, माहितीची फाइल आणि फॉन्ट मुलीच्या लॅपटॉपवर उतरवून एखाद्या रविवारी प्रिंटर घरी नेऊन एक पट्टी काढून पाहावी. प्रोग्रॅम उघडताना एखादी ओसीएक्स फाइल (प्रोग्रॅमला लागणारा जोडभाग) सापडत नाही असा संदेश आला, तर तिचे नाव जसेच्या तसे येथे लिहावे. ती फाइल आपल्या दुकानातील संगणकातूनच उचलावी लागेल, इंटरनेटवरच्या कोणत्याही ठिकाणाहून उतरवू नये.