कॅशची नोकरी, एप्रिलचं ऊन आणि अंगावरचं दूध: कुणी निभावलंय का?

जुळेसोलापूरची

नमस्कार. जरा लांबड लागेल, आधीच माफी मागते.

बाळ पावणेसहा महिन्यांचं आहे. रजेच्या २६ आठवड्यांतले दोन बाळंतपणाआधीच गेले होते, त्यामुळे आता हजर झाले, ऐन एप्रिलात. मी बँकेत कॅशला बसते, शाखा मोहोळ तालुक्यात. सकाळी साडेआठला जुळे सोलापुरातून निघते आणि घरात पाय टाकायला साडेसहा होतात.

कॅशवाल्या बाईला मधेच उठणं किती जड जातं, ते कॅशला बसलेल्यांनाच कळेल. नोटा ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली जवळ, केबिनला कडी, आणि काचेपलीकडची सगळी रांग पाठीकडे बघत. लाडक्या बहिणीचे पैसे जमा झाले त्या दिवशी रांग रस्त्यावर गेली होती. त्यात कुणाचं तरी तान्हं रडलं आणि इकडे मला पान्हा फुटला. वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत. त्यांनी आणलेल्या सेकंडच्या नॅपकिनच्या गोल चकत्या शिवून मी आत ठेवते, त्यासुद्धा भिजल्या. पाचशेचं एक बंडल तीनदा मशीनमधून काढलं, तरी आकडा डोक्यात शिरेना.

दूध काढायला रेकॉर्ड रूम मिळालीय. व्हाउचरचे गठ्ठे, धूळ, पंखा नाही, दाराला आतून कडी नाही. दाराला खुर्ची लावून तिच्यावरच बसते. शिपाईमामा बाहेर थांबतात आणि कुणी आलं की मोठ्यानं खोकतात. साहेब वाईट नाहीत, पण "मॅडम, दहा मिनिटांत उरका" म्हणतात. घड्याळाकडे बघत बसलं की दूध उतरतच नाही. रजेत सराव म्हणून काढायचे तेव्हा एका वेळी १०० मिली यायचं, आता कसंबसं ५०-६०. दिवसातून दोनदा. शिवाय पहाटे बाळ उठायच्या आधी १२० निघतं.

परवा तर कहर झाला. फ्रिजमधली बाटली बघून सासूबाई म्हणाल्या, "नासलं की गं हे, वर साय, खाली पाणी," आणि मोरीत ओतली. १२० मिली. मी तिथंच बसून रडले. त्यांनाही वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी पावडरचा डबा आणून ओट्यावर ठेवला. डबा अजून फोडलेला नाही.

मला एवढंच विचारायचंय: दूध खरंच आटत चाललंय का? आणि या उन्हात एसटीतून ते आणायचं कसं?

तीन लेकरांची आई

मी थर्मासमध्ये कोमटच आणायची. बाळाला गार दूध बाधतं म्हणतात. हळिवाचे लाडू खा, शेपूची भाजी खा, दूध धो धो येईल.

रात्रपाळीची सिस्टर

ताई, राग मानू नका, पण थर्मासमध्ये कोमट अजिबात नको. कोमट दुधात जंतू सगळ्यात झपाट्यानं वाढतात. काढलेलं दूध बाहेर चार तास चालतं म्हणतात, ते २५ अंशांपर्यंत. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी ४० च्या वर जातं, तेव्हा तो हिशोब सोडूनच द्या. काढल्या काढल्या गार करायचं. जाड अस्तराची थंड पिशवी आणि त्यात गोठवलेले जेलपॅक, बाटल्यांना चिकटून. पॅक गोठलेले राहिले तर २४ तास निघतात. पॅक मिळाले नाहीत तर पाण्याच्या छोट्या बाटल्या गोठवून भरा. पिशवी एसटीत मांडीवर घ्या, इंजिनच्या धगीजवळ ठेवू नका. घरी आल्यावर फ्रिजच्या दारात नाही, आत मागच्या बाजूला. तिथं चार दिवस टिकतं. लोडशेडिंग असेल तर उगाच फ्रिज उघडू नका.

साय धरली म्हणजे नासलं नाही! अंगावरच्या दुधातला स्निग्धांश वर येतोच. बाटली हळूच फिरवली की एकजीव होतं. सासूबाईंना हे सांगून भागणार नाही, त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा. गॅसवर तापवायचं नाही, मायक्रोवेव्ह तर नाहीच. बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात धरायची. बाळानं उष्टं ठेवलेलं दोन तासांनी टाकून द्यायचं, म्हणून एका वेळी बाटलीतून ५०-६० च ओतून घ्या. आणि बाटलीच हवी असं नाही, वाटी-चमचा किंवा बोंडलंही चालतं. फक्त बोंडल्याची चोच नीट घासा.

आता हिशोब. या वयाचं बाळ आईपासून लांब असताना तासाला साधारण २५-३० मिली पितं. तुमचे दहा तास, म्हणजे अडीचशे ते तीनशे. तुमचे पहाटेचे १२० आणि ऑफिसचे ११० धरले तर २३०. हे काय आटणं झालं? एक वेळ वाढवली की जमतंय. बाळ दिवसाला सहा-सात वेळा शू करतंय, वजन वाढतंय, मग निवांत राहा. रात्री जास्त ओढत असेल तर ओढू द्या, दिवसाची कसर ते तेव्हा भरून काढतं.

एक विचारते. दूध काढायच्या पंपाची रबरी झडप शेवटची कधी बदलली?

झेडपीची बाई

मी अक्कलकोट तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत होते, तिथं पंप लावायला प्लग नव्हता. हातानं काढायचे. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग चिमटायचं, सोडायचं. बोटं कातडीवरून घासायची नाहीत. पहिले चार दिवस चमचाभर निघालं, पंधराव्या दिवशी वाटी भरली. आधी गरम रुमालानं शेकलं की लवकर फुटतं. पंप झाल्यावर दोन मिनिटं हातानं काढून बघ, १०-१५ मिली हमखास राहिलेलं असतं.

आणि दहा मिनिटांची भीक मागू नकोस. कायद्यानं बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन नर्सिंग ब्रेक आहेत, जेवणाच्या सुट्टीशिवाय. मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात होतं, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. तोंडी बोलू नकोस. अर्ज दे, वेळा लिही (साडेअकरा आणि तीन), दुसऱ्या प्रतीवर पोच घे. पाळणाघराची सक्ती ५० किंवा जास्त माणसं असतील तिथंच असते, तुझ्या शाखेत ते जमणार नाही, त्या नादाला लागू नकोस. अर्जात दाराच्या कडीचंही लिही. कडी लावायला दीडशे रुपये लागतात की ओ, त्यासाठी मंजुरी कुणाची लागते तेवढं बघ.

तीन लेकरांची आई

सिस्टर, कोमटचं माहीत नव्हतं. माझी तिन्ही पावसाळ्यातली, म्हणून निभावलं असेल. लाडवांवर मात्र मी ठाम आहे.

रात्रपाळीची सिस्टर

लाडू खाऊ द्या की, दोन वेळा पोटभर जेवणासकट.

जुळेसोलापूरची

आठ दिवसांनी लिहितेय. सिस्टर, झडप बघितली. रोज उकळून उकळून टोकाला केसाएवढी चीर गेली होती, उजेडात धरली तेव्हा दिसली. नवीन घातली आणि त्याच दिवशी ८० आलं. काल दोन्ही वेळा नव्वदच्या आसपास. मी इतके दिवस स्वतःला बोल लावत होते.

अर्ज दिला. साहेबांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे मला माहीतच नव्हतं." साडेअकराला कॅश आता सोबतचा मुलगा घेतो, चिल्लर मात्र माझ्यासाठी ठेवून देतो. कडीला मंजुरी आली नाही. शिपाईमामांनी त्यांच्या घरची जुनी कडी आणून ठोकली.

सासूबाईंसमोर बाटली फिरवून दाखवली. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी घरी आले तर माझ्या नणंदेला फोनवर सांगत होत्या, "अगं, साय येतेच त्याला, हलवायचं असतं, तुला कसं माहीत नाही?" पावडरचा डबा ओट्यावरून वरच्या फळीवर गेलाय.

बाळाला पुढच्या आठवड्यात सहा महिने पूर्ण होतील. नाचणीचं सत्त्व घरात करून ठेवलंय. ते काढलेल्या दुधात कालवलं तर चालेल ना, सिस्टर?